दोन हजारांचा गैरसमज

बोरीवलीत दारात गाडी असलेल्या घरांमध्ये एक समजूत पक्की रुळली आहे. वेगमर्यादा ओलांडली की मोबाइलवर चलन येते, दोन हजार भरायचे, विषय संपला. सत्तरच्या रस्त्यावर गाडी पंचाहत्तरने गेली काय आणि एकशे तीसने गेली काय, आकडा तोच. कोणाला लागले-खुपले नसेल तर पोलीस पुढे जात नाहीत. गेलेच तर गाडी कोण चालवत होते हे सिद्ध कोण करणार? इथे सलमान खानच्या खटल्याचा दाखला हमखास निघतो. सत्र न्यायालयाने मे 2015 मध्ये पाच वर्षे सुनावली, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मग आपण कशाला घाबरायचे?

ही समजूत अगदीच हवेतली नाही, म्हणून आधी पूर्वपक्षाची भक्कम बाजू मांडतो. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 183 वेगाच्या गुन्ह्याचे. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या वेळी त्यात जास्तीत जास्त चारशे रुपये दंड होता. दुरुस्तीनंतर मोटारीला एक ते दोन हजार आणि मोठ्या वाहनांना दोन ते चार हजार झाला. 1 सप्टेंबर 2019 ला देशभर दुरुस्ती लागू झाली तरी महाराष्ट्राने वाढीव दंड तेव्हा रोखून धरले. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांचा त्यांना विरोध होता. ते इथे आले डिसेंबर 2021 मध्ये, आणि मोटारीचा आकडा दोन हजारांवर गेला. या कलमात तुरुंगवास नाही. मर्यादा पाचने ओलांडली की साठने, हा भेदही नाही. वर सर्वोच्च न्यायालयाचा 1998 चा निवाडा आहे, कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश: ट्रक ‘भरधाव’ होता एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. इतके सगळे हाताशी असताना माणूस निर्धास्त झाला तर नवल नाही.

पण हा निर्धास्तपणा एका कलमाच्या अर्ध्याच वाचनावर उभा आहे. त्याच कलम 183 मध्ये पुढे म्हटले आहे की दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच गुन्हा घडला तर कलम 206(4) नुसार लायसन्स ताब्यात घ्यावे. आणि 206(4) उघडून पाहिले तर तिथे पहिल्या-दुसऱ्या वेळेचा भेदच नाही. 183 चा गुन्हा झाला असे मानायला कारण असेल तर अधिकाऱ्याने लायसन्स घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचे, म्हणजे बोरीवलीच्या माणसाच्या बाबतीत बहुधा एमएच-47 च्या आरटीओकडे. तिथे कलम 19 ची पाळी येते. म्हणणे ऐकून घेऊन, कारणे लेखी नोंदवून, पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र ठरवता येते. दुसऱ्याला लायसन्स रद्द. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन समितीने 2015 मध्येच राज्यांना बजावले होते की अतिवेगाला किमान तीन महिन्यांचे निलंबन हवे. म्हणजे कायदेमंडळाने 2019 मध्ये जे लिहिले ते अचानक सुचलेले नव्हते.

‘पैसे भरले की संपले’ या वाक्याचे खरे खंडन मात्र कलम 200 मध्ये आहे, आणि ते फारसे कोणी वाचत नाही. ई-चलन भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची तडजोड. तडजोड झाली की खटला टळतो, इथपर्यंत लोकसमज बरोबर आहे. पण 2019 मध्ये या कलमाला परंतुके जोडली गेली. त्यांच्यानुसार तडजोड केलेला गुन्हा हा घडलेला गुन्हा म्हणूनच मोजायचा. पुढचा गुन्हा पहिला की दुसरा हे ठरवताना तो धरायचा. शिवाय तडजोडीमुळे 206(4) खालची लायसन्सची कारवाई टळत नाही. महाट्रॅफिक ॲपवर दोन हजार भरून जो सुटकेचा निःश्वास टाकतो, त्याने प्रत्यक्षात आपल्या नावावर पहिला गुन्हा स्वतःच नोंदवलेला असतो. बोरीवली ते वांद्रे रोज गाडीने जाणाऱ्याच्या मोबाइलवर अशी चलने वर्षात एकापेक्षा जास्त येणे काही दुर्मीळ नाही. तो त्यांना किरकोळ खर्चात धरतो.

आता सतीशच्या निवाड्याकडे परत येऊ, कारण तो चुकीच्या अर्थाने वापरला जातो. तिथले साक्षीदार म्हणाले होते की ट्रक फार वेगात होता. पण फार म्हणजे किती, हे कोणीच सांगितले नाही. न्यायालयाचे म्हणणे असे की वेग हा सापेक्ष शब्द आहे आणि त्याला आकार देणे फिर्यादी पक्षाचे काम. कलम 183 चे तिसरे पोटकलमही हेच सांगते: एका साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा नको, अंदाजाला यंत्राचा आधार हवा. 1998 च्या त्या खटल्यात जो आकडा नव्हता, नेमका तोच आज कॅमेरा देतो, तारीख, वेळ आणि गाडीच्या नंबरासकट. ज्या निवाड्याच्या आडोशाला लोक उभे राहतात, त्यातली उणीव वेगमापक यंत्राने भरून काढली आहे. यंत्राच्या साक्षीला धक्का लावताच येत नाही असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत ऑगस्ट 2021 मध्ये आलेला नियम 167-अ यंत्राला मान्यता-प्रमाणपत्र मागतो, देखरेख चालू असल्याचे फलक मागतो आणि पंधरा दिवसांत सूचना पाठवायला सांगतो. फलक नसेल, प्रमाणपत्राची मुदत उलटली असेल, तर चलनाला जरूर आव्हान द्यावे. तो बचाव सच्चा आहे. मात्र यातला एकही मुद्दा ‘सगळेच असे जातात’ हा नाही.

‘कोण चालवत होते?’ या प्रश्नाचे उत्तर कलम 133 मालकाकडूनच मागते: अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता, लायसन्स यांची आपल्याकडे असलेली आणि वाजवी प्रयत्नाने मिळू शकणारी सगळी माहिती द्यायची. चाकामागे घरातला अल्पवयीन मुलगा असेल तर 199-अ आहेच. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे 2024 मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात अल्पवयीन चालकाला जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सर्वांच्या लक्षात राहिली. हे कलम किती पालकांनी वाचले, शंका आहे. आणि सलमान खान? उच्च न्यायालयाने त्याला सोडले ते त्या खटल्यातला पुरावा संशयापलीकडे पोचला नाही म्हणून. भरधाव गाडी चालवणे हा मोठा गुन्हा नाही, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही.

खरी लढाई कलम 184 च्या मैदानावर आहे. 183 हे आकड्याचे कलम, 184 हे धोक्याचे. ‘सार्वजनिकदृष्ट्या धोकादायक वेग किंवा पद्धत’ असा त्याचा विषय. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही; तीन वर्षांत पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. कोणी जखमी व्हावे लागत नाही. धोका होता का, हे ठरवताना जागेचे स्वरूप, तिची स्थिती, तिचा वापर आणि त्या वेळची वाहतूक पाहायची. प्रत्यक्ष असलेली वाहतूक आणि तिथे असण्याची वाजवी अपेक्षा करता येईल तीही. 2019 नंतर आणखी एक भर पडली: गाडीतल्या, रस्त्यावरच्या किंवा रस्त्यालगतच्या माणसांना धडकी भरेल असे चालवणेही यात मोडते.

‘असण्याची अपेक्षा’ हा शब्दप्रयोग लक्षात घेतला की ‘पहाटे रस्ता मोकळा होता’ हा बोरीवलीचा आवडता बचाव गळून पडतो. पश्चिम द्रुतगती महामार्ग नावाला द्रुतगती असला तरी दहिसर चेकनाक्यापासून खाली मागाठाण्यापर्यंत तो वस्तीचाच रस्ता आहे. पहाटे नॅशनल पार्कच्या फाटकाशी फिरायला आलेली माणसे असतात, थांब्यावर पहिल्या बसची वाट पाहणारे असतात, वर मेट्रो सातचे खांब आणि खाली कुठे ना कुठे खोदकाम. डिसेंबर 2024 मध्ये शेजारी कांदिवलीत पोयसर मेट्रो स्थानकाजवळ भरधाव मोटारीने रात्री काम करणाऱ्या मजुरांना धडक दिली. एकाचा जीव गेला. मजूर तिथे असतील हे कळायला कॅमेरा लागत नव्हता. हिशेबही साधा आहे. ताशी 60 च्या गाडीला, चालकाचा एक सेकंद धरून, थांबायला साधारण 37 मीटर लागतात. 120 ला 110 मीटरच्या पुढे. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. हे ठाऊक असलेला माणूस महामार्गावर त्या वेगाने जातो तेव्हा तो केवळ आकडा ओलांडत नाही.

इथे मोटार वाहन कायद्याची हद्द संपून फौजदारी कायदा सुरू होतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 281, म्हणजे जुन्या दंडविधानाचे 279, बेदरकार चालवण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. तिथेही अपघात झालाच पाहिजे अशी अट नाही. मोटार वाहन कायद्याखाली कारवाई झाली की दंडविधान लागू होत नाही, असा एक सोयीचा युक्तिवाद फिरत असे. गुवाहाटी उच्च न्यायालयाने तसे निर्देशही दिले होते. अरुणाचल प्रदेश राज्य विरुद्ध रामचंद्र रबिदास या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019 ला ते रद्द केले: दोन्ही कायदे आपापल्या जागी स्वतंत्र आहेत, दोन्हींखाली खटला चालू शकतो. 281 चा खटला बोरीवलीच्या दंडाधिकारी न्यायालयात उभा राहिला की प्रकरण चलनाचे राहत नाही. मुलाला मास्टर्सला परदेशी पाठवण्याच्या तयारीत असलेल्या कुटुंबांनी पासपोर्ट अधिनियमाचे कलम 6(2)(एफ) एकदा वाचावे. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट अडतो.

जीव गेला तर काय, हे मुंबईनेच देशाला शिकवले आहे. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम लावून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे केली, आणि जानेवारी 2012 मध्ये एलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. आपले कृत्य जीवघेणे ठरू शकते हे समंजस माणसाला कळण्यासारखे असेल, तर परिणामाची जाणीव त्याच्या माथी मारता येते, असा त्यातला विचार. ‘तो प्यायला होता म्हणून’ असे कोणी म्हणेल. मद्य हा त्या जाणिवेचा एक धागा होता, वेग दुसरा. जुलै 2024 मध्ये, न्याय संहिता लागू होऊन आठवडाही उलटला नसताना, वरळीच्या अपघातात पोलिसांनी पहिल्यापासून सदोष मनुष्यवधाचे कलम 105 लावले. त्या खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागो. पोलीस ठाण्यातला पहिला कागद आता कोणत्या कलमाने सुरू होतो, हे पाहण्यासारखे आहे.

‘विमा आहे ना’ हा शेवटचा आधार. तो त्रयस्थापुरता खरा आहे: वेग जास्त होता एवढ्यावर विमा कंपनीला तिसऱ्या पक्षाची भरपाई नाकारता येत नाही, आणि तेच योग्य. स्वतःच्या घराचे मात्र वेगळे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात हस्तक्षेप नाकारला. स्वतःच्याच बेदरकार चालवण्याने मेलेल्या चालकाच्या वारसांनी ऐंशी लाख मागितले होते, त्यांना काही मिळाले नाही. कडक वाटेल, पण अपघात ज्याच्या चुकीने झाला त्याच्या वारसांना कलम 166 खाली दाद नाही, हे तत्त्व जुनेच आहे.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र खोडता येत नाही: यातले पुष्कळसे कागदावर राहते. लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जाण्यापेक्षा चलन फाडणे सोपे. त्याचा भार कोणावर पडतो तेही पाहावे. दोन हजार साहेबांना जाणवत नाहीत. तीन महिन्यांचे निलंबन झाले तर ते ओला-उबर चालवणाऱ्याचे पोट मारते. खुद्द 183 मध्ये एक धारदार तरतूद पडून आहे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पुरे होणार नाही असे वेळापत्रक किंवा असा हुकूम मालकाने दिला, तर तोच मालकाविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा. दहा मिनिटांत दारात भाजी पोचवण्याच्या या काळात ते पोटकलम सणसणीत उपयोगाचे आहे. दंड मात्र भरतो पाठीवर पेटी लादलेला पोरगा.

फिनलंडमध्ये वेगाचा दंड उत्पन्नावर बेततात. 2023 मध्ये तिथल्या एका उद्योगपतीला पन्नासच्या पट्ट्यात ब्याऐंशीने गेल्याबद्दल 1,21,000 युरो भरावे लागले. स्वित्झर्लंडने 2013 पासून मर्यादा अमुक इतक्याने ओलांडली की तो थेट तुरुंगाचा गुन्हा, अशी रेषा आखली, आणि दहा वर्षांनी अनुभव पाहून ती थोडी सैल केली. आपल्या 183 ला तशी रेषा हवी आहे; पाचने आणि साठने ओलांडणाऱ्याला एकच पावती देणारा कायदा पूर्वपक्षाला स्वतःच दारूगोळा पुरवतो. ती रेषा येईपर्यंत 183 आणि 184 मधले अंतर कॅमेरा मोजत नाही. ते महामार्गाच्या कडेला उभा असलेला, हाती ई-चलनाचे यंत्र असलेला पोलीस ठरवतो, आणि त्या यंत्रात लवकर उरकणारा पर्याय कोणता हे त्याला आणि गाडीवाल्याला दोघांनाही ठाऊक असते.