देवमाशाच्या तेलापासून क्रिलच्या हिशेबापर्यंत

दारव्ह्याच्या शाळेतल्या मुलांनी मासेमारी पाहिली असेल ती अडाण नदीच्या डोहात किंवा एखाद्या तलावात. बारीक आसाचे जाळे लावून पिल्लेही काढली, तर पुढच्या वर्षी जाळे रिकामे येते, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही. डोह लहान असतो, म्हणून चूक लवकर दिसते. समुद्रात ती दिसायला पन्नास वर्षे लागू शकतात. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात नेमके तेच झाले आणि ती चूक मोजण्यातून जे शास्त्र उभे राहिले, त्याचा एक धागा आपल्या विदर्भापर्यंत येऊन पोचतो.

१९०४ साली दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटव्हिकेन येथे नॉर्वेच्या लोकांनी देवमाशांच्या शिकारीचे ठाणे उभारले. देवमाशाच्या चरबीचे तेल तेव्हा साबण आणि मार्गारिन करण्यासाठी लागत असे. बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात होती व तेलावर कर बसवलेला होता. या कराच्या पैशातूनच १९२५ साली 'डिस्कव्हरी' जहाजावरून संशोधन सुरू झाले. कॅप्टन स्कॉट १९०१ मध्ये ज्या जहाजातून दक्षिणेला गेला, तेच हे जहाज. देवमासे किती, ते कुठे जातात आणि काय खातात, असे साधे प्रश्न होते. ज्या धंद्यामुळे प्राणी संपत होता, त्या धंद्यानेच त्याच्या अभ्यासाचा खर्च भागवला, ही गंमत विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी.

मोहिमेचे प्रमुख स्टॅन्ली केम्प त्याआधी कलकत्त्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात खेकडे-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांचा अभ्यास करीत होते. त्यांच्यासोबत ॲलिस्टर हार्डी हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. जाळे टाकले की त्या एका जागचे प्लवक मिळतात, पण पुढच्या शंभर मैलांत काय आहे ते कळत नाही, ही त्याची अडचण होती. त्याने एक यंत्र बनवले. जहाजामागे ते ओढत न्यायचे. समोरच्या छिद्रातून पाणी आत येते आणि हळूहळू सरकणाऱ्या रेशमी पट्टीवर प्लवक अडकतात. दुसरी पट्टी त्यांना झाकते आणि दोन्ही मिळून गुंडाळल्या जातात. जहाज किती अंतर गेले तेवढी पट्टी सरकते, म्हणजे पट्टी हाच समुद्राचा नकाशा झाला. या यंत्राच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. दक्षिण महासागरात १९९१ पासून त्यांच्या साहाय्याने नियमित पाहणी चालते.

देवमासे काय खातात, याचे उत्तर मिळाले: क्रिल. कोळंबीसारखा दिसणारा, जास्तीत जास्त बोटभर लांबीचा हा प्राणी. त्याचे थवे कधी कधी कित्येक किलोमीटर पसरतात. क्रिल स्वतः सूक्ष्म शैवाले खातो, आणि त्याला खाणाऱ्यांत देवमासे, सील, पेंग्विन, मासे असे सारेच आहेत. शैवाल, क्रिल, देवमासा. जगातला सर्वांत मोठा प्राणी आणि सूर्यप्रकाश यांच्यामध्ये इतक्या थोड्या पायऱ्या आहेत.

एवढे कळूनही शिकार थांबली नाही. १९३०-३१ च्या एकाच हंगामात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. पुढे मर्यादा आली ती 'निळा देवमासा एकक' या मापात. १ निळा म्हणजे २ फिन देवमासे, अडीच कुबडधारी किंवा ६ सेई. हे माप तेलाचे होते. जातीचे नव्हते. एकूण कोटा पाळूनही शिकारी सर्वांत मोठ्या, म्हणजेच सर्वांत दुर्मिळ होत चाललेल्या जातीमागे लागू शकत. आमच्या मते शास्त्रीय व्यवस्थापनाच्या इतिहासात इतके चुकीचे एकक क्वचितच सापडेल. ते १९७२ मध्ये सोडून देण्यात आले. व्यापारी शिकारीवरील स्थगितीचा निर्णय १९८२ साली झाला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो अमलात आला.

देवमासे संपत आल्यावर जहाजे माशांकडे वळली. दक्षिण जॉर्जियाभोवतीचा संगमरवरी रॉककॉड १९६९-७० च्या हंगामात सुमारे चार लाख टन पकडला गेला, आणि दोन-तीन वर्षांत ती मासेमारी जवळपास संपली. मग क्रिल. सोव्हिएत जहाजांनी तो मोठ्या प्रमाणावर पकडायला सुरुवात केली. १९८१-८२ मध्ये जगाची एकूण पकड पाच लाख टनांच्या वर गेली. तेव्हा एक युक्तिवाद फार ऐकू येई: देवमासे राहिले नाहीत, तेव्हा ते खात असलेले क्रिल आता 'शिल्लक' आहे, ते माणसाने घ्यावे. वजाबाकी सोपी होती, पण समुद्र वहीतला हिशेब पाळत नाही. देवमाशांच्या विष्ठेतून वरच्या पाण्यात लोह परत येते आणि त्यावर शैवाले वाढतात, असे अलीकडचे संशोधन सुचवते. खाणारा गेला तेव्हा खाद्याचे खतही गेले. अपेक्षित वाढ दिसलीच नाही.

या पार्श्वभूमीवर अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संरक्षणाचा करार १९८० साली कॅनबेरा येथे झाला व १९८२ मध्ये अमलात आला. त्याचे कार्यालय टास्मानियातील होबार्टला आहे. त्याच्या दोन गोष्टी आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. एक, त्याची सीमा बरीचशी समुद्राच्या वागण्यावरून ठरली. जिथे दक्षिणेचे थंड पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याखाली बुडते, त्या पट्ट्याला धरून ती आखली आहे. दुसरी, पकडायच्या प्राण्याइतकाच त्याच्यावर जगणाऱ्यांचा विचार करावा, आणि दोन-तीन दशकांत भरून न येणारा बदल होऊ देऊ नये, असे कलमातच लिहिले आहे. म्हणून क्रिलचा कोटा ठरवताना पेंग्विनची पिल्ले मोजली जातात.

आता विदर्भाचा धागा. नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत यांच्या हाती ॲलिस्टर हार्डी यांचे खुल्या समुद्रावरचे पुस्तक पडले आणि सागरविज्ञान शिकायचे त्यांनी ठरवले. पुणे विद्यापीठ, हवाई आणि लंडन येथे शिक्षण घेऊन त्या गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली होती. कासिम स्वतः मत्स्यजीवशास्त्रातले. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदिप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पंत पाचव्या मोहिमेतही गेल्या. त्यांचे काम हार्डींच्या कामाच्या एक पायरी खाली होते: या पाण्यात शैवाले किती अन्न तयार करतात?

हे मोजण्याची मूळ कल्पना शाळेतही करून पाहता येते. तलावाचे पाणी दोन बाटल्यांत घ्या, एकीला काळा कागद गुंडाळा आणि दोन्ही काही तास पाण्यात टांगून ठेवा. काळ्या बाटलीत फक्त श्वसन होते, ऑक्सिजन घटतो. उघड्या बाटलीत प्रकाशसंश्लेषणही होते. दोन्हींतील ऑक्सिजनचा फरक म्हणजे शैवालांनी तयार केलेला ऑक्सिजन, आणि त्यावरून अन्नाचा अंदाज. थंड महासागरात हा फरक फार लहान असल्याने किरणोत्सारी कार्बन वापरतात, पण विचार तोच.

भारत १९८५ साली या करारात सामील झाला आणि १९८६ मध्ये त्याच्या आयोगाचा सदस्य बनला. १९९५-९६ मध्ये खास क्रिलसाठी भारतीय मोहीमही गेली. क्रिलचा मोठा धंदा मात्र आपण उभारला नाही. पकडल्यावर त्याच्याच पाचक रसांनी तो झपाट्याने नासतो आणि कवचात फ्लोराइड जास्त असते, म्हणजे माणसाच्या ताटापर्यंत तो आणणे सोपे नव्हतेच. २०२१ मध्ये पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र येथील प्रस्तावित संरक्षित क्षेत्रांना भारताने पाठिंबा दिला. आयोगाचे निर्णय सर्वसंमतीने होतात. एक देश अडला तरी प्रस्ताव थांबतो.

त्याचा फटका क्रिललाही बसला. अटलांटिक बाजूला वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. ही पकड एकाच जागी होऊ नये म्हणून २००९ पासून ती विभागांत वाटलेली होती. ही वाटणी २०२४ अखेर संपली आणि नव्या वाटणीवर एकमत झाले नाही. २०२५ मध्ये जहाजे सोयीच्या जागी एकवटली, मर्यादा हंगाम संपण्यापूर्वीच गाठली गेली आणि ऑगस्टमध्ये मासेमारी बंद करावी लागली. कुबडधारी देवमासे आता त्याच पाण्यात पुन्हा मोठ्या संख्येने दिसू लागले आहेत, आणि तेही क्रिलसाठीच येतात.