साथीचे रोग आणि सीमाप्रवेशाचे निर्बंध : बीड जिल्ह्यातील १९९४चा प्लेग व त्याचे आंतरराष्ट्रीय पडसाद

बालाघाटच्या पठारावर बीडच्या दक्षिणेस मांजरसुंबा हे गाव आहे. धुळे-सोलापूर मार्ग आणि अहमदनगरहून (आता अहिल्यानगर) पाटोद्यावरून नेकनूर, केज, अंबेजोगाईकडे जाणारा मार्ग हे दोन्ही येथे एकमेकांना छेदतात. जवळच कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिकी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. यात्रेकरू, ऊसतोडीस निघालेल्या टोळ्या आणि मालमोटारी यांची वर्दळ असलेल्या या चौफुल्यावर परदेशी प्रवासी क्वचितच दिसतो. असे असूनही साथ आणि आंतरराष्ट्रीय विमान-वाहतूक यांच्या संबंधांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास बीड जिल्हा वगळता येणार नाही. कारण १९९४ साली ज्या घटनामालिकेमुळे भारतातून येणाऱ्या विमानांना अनेक देशांनी दारे बंद केली, तिचा आरंभ याच जिल्ह्यातील मामला या खेड्यात झाला.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मराठवाडा हादरला. पडक्या व ओस घरांत साठलेल्या धान्यावर उंदीर वाढले आणि रानटी व घरगुती कृंतक प्राण्यांमधील समतोल ढळला, असा एक तर्क पुढे मांडण्यात आला. तो तर्कच आहे, हे विसरता कामा नये. परंतु १९९४च्या ऑगस्टमध्ये मामल्यात उंदीर मरून पडू लागले, घराघरांत पिसवांचा उपद्रव वाढला आणि महिनाअखेरीस काखेत व जांघेत गाठी आलेले रुग्ण आढळले, एवढे निश्चित. १९६६नंतर भारतात मानवी प्लेगची नोंद नव्हती. त्यामुळे हा रोग ओळखण्याची सवयच वैद्यकीय यंत्रणेस उरली नव्हती. येथे उंदरांचे मरण हा जुन्या पिढीस ठाऊक असलेला संकेत शास्त्रीय चाचणीच्या आधी प्रकट झाला होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मामल्यातील रोग ग्रंथिक स्वरूपाचा होता. तो पिसवांमार्फत पसरतो; माणसापासून माणसास सहसा होत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत येथे फुफ्फुसीय प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा मात्र परिस्थिती पालटली. लाखो माणसांनी अल्पावधीत ते शहर सोडले आणि वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून ती दृश्ये जगभर गेली. दोन्ही उद्रेकांचा परस्परसंबंध निःसंशय सिद्ध झालेला नाही. पण परदेशी आरोग्याधिकाऱ्यांच्या दृष्टीने बीड, सुरत, मुंबई, दिल्ली हा भेद राहिलाच नाही. संपूर्ण भारत हाच दूषित प्रदेश ठरला. आखाती देशांपैकी अनेकांनी भारताशी असलेली विमान-वाहतूक स्थगित केली. काहींनी भारतीय खाद्यपदार्थांची आयातही थांबविली. युरोपातील विमानतळांवर भारतातून आलेल्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली, अमेरिकेत त्यांच्या हाती सूचनापत्रके देण्यात आली आणि पर्यटकांनी भारतभेटी रद्द केल्या. वस्तुतः मृतांची संख्या साठीच्या आतच राहिली आणि अमेरिकेत ज्या संशयितांची तपासणी झाली त्यांपैकी एकासही प्लेग नव्हता.

हे निर्बंध नियमबाह्य होते काय? त्या वेळी १९६९चे आंतरराष्ट्रीय आरोग्यविषयक विनियम अमलात होते. प्लेग, पटकी व पीतज्वर हे तीन रोग त्यांच्या कक्षेत येत. प्लेगचा परिपाककाल सहा दिवसांचा धरलेला होता आणि विनियमांत सांगितलेले उपाय ही कमाल मर्यादा समजावी, त्यापलीकडे कोणत्याही राष्ट्राने जाऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. प्रवास वा व्यापार बंद करण्याची आवश्यकता नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. तिचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा स्वतः ऑक्टोबरमध्ये भारतात आले. पण मर्यादा ओलांडणाऱ्यास शासन करण्याचे साधन संघटनेपाशी नव्हते. परिणामी रोगाची वार्ता देणाऱ्या राष्ट्रासच आर्थिक दंड भोगावा लागतो, हा धडा सर्वांनी घेतला. मे १९९५मध्ये जागतिक आरोग्य सभेने विनियमांच्या पुनर्रचनेचा ठराव केला. त्यातून निघालेले २००५चे विनियम १५ जून २००७ रोजी अमलात आले. शिफारशीपलीकडचे निर्बंध घालणाऱ्या राष्ट्राने त्यांची कारणे संघटनेस कळवावीत, असे बंधन त्यांत आहे. पण ते बंधन कारण सांगण्याचे, निर्बंध न घालण्याचे नव्हे.

या प्रश्नाचे मूळ शोधताना १८९७पर्यंत मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. युरोपीय राष्ट्रे भारतीय बंदरांतील जहाजांस मज्जाव करतील, या धास्तीनेच हिंदुस्थान सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला; त्याच महिन्यात मुंबई व कराची येथून हाजच्या यात्रेस जाणाऱ्यांना बंदी झाली आणि व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. म्हणजे तो कायदा जितका रयतेच्या रक्षणार्थ, तितकाच व्यापाराच्या रक्षणार्थ होता. मद्रास इलाख्यात दूषित भागातून येणाऱ्यास ‘प्लेग पासपोर्ट’ देऊन दहा दिवस अधिकाऱ्यापुढे हजेरी लावावयास सांगत. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते व पश्चिमेस लागूनच इंग्रजांचा नगर जिल्हा होता. सीमा ही कल्पना येथील प्रवाशास विमानाच्या फार पूर्वीपासून परिचित होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

कोविडच्या काळात तोच १८९७चा कायदा पुन्हा वापरात आला. त्याच्या मूळ शब्दरचनेत विमानाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. १९५४च्या विमानविषयक सार्वजनिक आरोग्य नियमांनी ती उणीव काही अंशी भरून काढली होती. प्रत्यक्ष कायद्यात विमानाचा समावेश २०२०च्या दुरुस्तीने झाला. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळलेले महाराष्ट्रातील पहिले रुग्ण दुबईच्या सहलीहून परतलेले होते. १३ मार्चपासून बहुतेक प्रवेशपत्रे स्थगित झाली आणि २२ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानांना भारतात उतरण्यास बंदी झाली. गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याची राज्य शासनाची योजना याच पंधरवड्यातील होय. विमानाने आलेल्या रोगासाठी घातलेल्या बंधनांचा भार मात्र लवकरच पायी चालणाऱ्यांवर पडला. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि बीडच्या ऊसतोड कामगारांसह लाखाहून अधिक मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात अडकले. १७ एप्रिल रोजी शासनाने त्यांना वैद्यकीय तपासणीनंतर गावी जाण्यास परवानगी दिली. परदेशस्थ भारतीयांसाठी ‘वंदे भारत’ विमाने ७ मे रोजी सुरू झाली.

पर्यटकांचा क्रम सर्वांत शेवटी लागला. १५ ऑक्टोबर २०२१पासून खास भाड्याच्या विमानांनी व १५ नोव्हेंबरपासून इतर विमानांनी त्यांना प्रवेश मिळाला. मधल्या काळात पुण्यात तयार झालेली कोविशील्ड लस घेऊनही भारतीय प्रवाशांना ब्रिटनमध्ये विलगीकरण सोसावे लागे; भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांवर दहा दिवसांचे तसेच बंधन घातले आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बाजूंनी माघार झाली. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती तत्परतेने जाहीर केली आणि अनेक राष्ट्रांनी तेथील विमाने तत्काळ थांबविली. १९९४मध्ये ज्या वागणुकीविरुद्ध भारताची तक्रार होती, तीच वागणूक आता दुसऱ्या राष्ट्राच्या वाट्यास आली. भारताने या वेळी जोखमीच्या देशांची यादी करून तेथून येणाऱ्यांची विमानतळावरच चाचणी घेण्याचा मार्ग १ डिसेंबरपासून अवलंबिला. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली.