चाच्यांचा करारनामा : एका संहितेचा प्रवास

१७२४ साली लंडनमध्ये कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने 'अ जनरल हिस्टरी ऑफ द पायरेट्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे टोपणनाव असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामागचा लेखक डॅनिएल डीफोच, हे जॉन रॉबर्ट मूर यांचे मत दीर्घकाळ ग्राह्य धरले गेले. १९८८ मध्ये फरबँक व ओवेन्स यांनी त्याचा पाया डळमळीत केला. कर्तृत्वाच्या या वादापेक्षा महत्त्वाची आहे ती त्या ग्रंथातील एक छोटी संहिता : बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरील करारनामा. (कान्होजी आंग्रे यांना 'पायरेट' ठरविणारे क्लेमेंट डाउनिंगचे १७३७ चे पुस्तकही याच ग्रंथबाजारातले, पण तो नामकरणाच्या राजकारणाचा स्वतंत्र विषय आहे.)

या करारनाम्यानुसार महत्त्वाच्या प्रश्नांवर प्रत्येक खलाशाला मत होते. लुटीत कप्तान व क्वार्टरमास्टर यांचे प्रत्येकी दोन वाटे, गोलंदाजासारख्यांचा दीड, इतर अधिकाऱ्यांचा सव्वा. अवयव गमावणाऱ्याला सामायिक निधीतून भरपाई, रात्री आठनंतर दिवे बंद, वादकांना रविवारी विश्रांती. सह्या केलेली मूळ प्रत खलाशांनी समुद्रात फेकून दिली, असे जॉन्सनच नमूद करतो. म्हणजे आज उपलब्ध आहे ती ऐकीव माहितीवरून पुन्हा रचलेली संहिता. तिचे कर्तृत्व सामूहिक आहे आणि लेखन परक्या हाताचे. कोणत्या परिस्थितीतून ती निपजली, याचे उत्तर मार्कस रेडिकर यांनी १९८७ मध्ये व्यापारी जहाजांवरील श्रमव्यवस्थेत शोधले : बुडविलेली मजुरी, निकृष्ट अन्न आणि कप्तानाचा चाबूक.

स्टीव्हन्सनने हा ग्रंथ वाचला होता. त्याची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८१-८२ मध्ये 'यंग फोक्स' या नियतकालिकातून क्रमशः आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यात करारनाम्याचा अवशेष उरतो तो काळ्या ठिपक्याच्या रूपाने. खलाशी सभा भरवितात, कप्तानाला पदच्युत करू पाहतात आणि सिल्व्हर त्यांना त्यांचेच नियम ऐकवितो. परंतु हा प्रसंग वाचकापर्यंत पोहोचतो जिम या एकट्या मुलाच्या निवेदनातून. मधली तीन प्रकरणे डॉक्टर सांगतो, हे खरे; तथापि तोही खलाशांच्या बाजूचा नव्हे. सफरचंदाच्या पिंपात दडून जे ऐकू येईल, तेवढेच खलाशांचे बोलणे वाचकाच्या वाट्याला येते आणि तेही कट म्हणूनच. कादंबरी या वाङ्मयप्रकाराला एक निवेदक हवा होता; करारनाम्याला तो नको होता.

म्हणूनच 'रेअर' या ब्रिटिश संस्थेने घडविलेला आणि मायक्रोसॉफ्टने २० मार्च २०१८ रोजी प्रकाशित केलेला 'सी ऑफ थीव्ह्ज' हा व्हिडिओ गेम कथनमीमांसेच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा ठरतो. त्यातील मोठे जहाज चौघे मिळून चालवितात. सुकाणूवरच्याला शिडांमुळे समोरचे नीट दिसत नाही, नकाशा खालच्या मजल्यावर. तेव्हा एकाने पाहायचे, दुसऱ्याने ओरडून सांगायचे, तिसऱ्याने शीड वळवायचे. कथा घडते ती या परस्परांना दिलेल्या हाकांतून, आणि तिला संपूर्ण दृष्टिकोन असलेला निवेदक नाही. मोहीम निवडायची ती मत देऊन. सोबत्याला कोठडीत टाकायचे तेही मतानेच. १७२४ च्या संहितेतले मत येथे परत आले आहे.

वाटा मात्र आलेला नाही. खजिना विकला की प्रत्येक सोबत्याला पुरी किंमत मिळते. विभागणी करावीच लागत नाही. मरण आले तरी थोड्या वेळाने जहाजावर परतता येते, त्यामुळे भरपाईचे कलमही निरर्थक होते. रॉबर्ट्सच्या माणसांना मताचा अधिकार हवा होता तो अपुऱ्या वस्तूंच्या वाटणीसाठी. टंचाई नाहीशी झाल्यावर मतदान हा केवळ शिष्टाचार उरतो. २०२२ मध्ये या खेळात स्वतःचे जहाज विकत घेऊन त्याला नाव देण्याची आणि कप्तान म्हणून मिरविण्याची सोय झाली, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. करारातून नव्हे, मालकीतून आलेले हे कप्तानपद आहे.

रेडिकर यांच्यानंतरच्या अनेक वाचनांत चाच्यांची लोकशाही काहीशी सोज्ज्वळ झाली आहे आणि खेळाने ती आणखी सोज्ज्वळ केली. त्याच्या समुद्रावर सांगाडे आहेत, शार्क आहेत, प्रतिस्पर्धी खेळाडू आहेत. गुलामवाहू जहाज नाही. जॉन्सनच्या ग्रंथात ते आहे. जानेवारी १७२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील व्हिडा बंदरात 'पॉर्क्युपाइन' जहाजाच्या कप्तानाने खंडणी नाकारली, तेव्हा ते पेटविण्याचे ठरले. जॉन्सनच्या वृत्तान्तानुसार त्यावर दोघा-दोघांना साखळीने जखडलेले ८० गुलाम होते. त्यांना आधी उतरवून घ्यावे, असा विचार होता. पण बेड्या काढण्यात फार वेळ आणि श्रम जातात, असे दिसल्यावर रॉबर्ट्सच्या माणसांनी जहाजाला तशीच आग लावली.