पहिल्या कर्नलला मराठी का येत नाही?

कोरपना तालुक्यात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू अशा भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. म्हणून आजचा विषय एका साध्या प्रश्नापासून सुरू करतो. तुम्ही स्वतः कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिला तर त्याला पडद्यावर ‘नमस्कार’ लिहिता येईल का?

येणार नाही. का, ते बघू.

आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्या घराण्यातल्या यंत्रांची सुरू होण्याची रीत अशी: बटण दाबलं की बायोस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असले, तर ते मेमरीत ठरलेल्या जागी ठेवतो आणि कारभार त्यांच्याकडे सोपवतो. नवी यंत्रं वेगळ्या पद्धतीने सुरू होतात. पण शिकणारे आजही एम्युलेटरमध्ये हीच जुनी रीत गिरवतात. या ५१२ बाइटांचं काम एवढंच, की डिस्कवरचा कर्नल मेमरीत आणायचा.

कर्नल जागा होतो तेव्हा त्याच्या हाताशी काहीच नसतं. फाइल नाही, छापायची आज्ञा नाही. पडद्यासाठी मेमरीचा एक तुकडा असतो: ८० रकाने, २५ ओळी, आणि दर अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. एका बाइटात २५६ आकार मावतात. ते कार्डातच कोरलेले, आणि त्यात देवनागरी नाही. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरुवात केली, तेव्हा त्याचे दोन प्रोग्रॅम आळीपाळीने ‘ए’ आणि ‘बी’ छापत होते. त्याची अक्षरं यंत्रात आधीच होती. आपली नव्हती.

मग ती आली कुठून? १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरला उभं केलेलं ‘जिस्ट’चं काम तिथे पुढे गेलं. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसवरच्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसे. गुंता आकारांचाच नव्हता. ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी, उच्चारतो नंतर. साठवायची कशी? उच्चाराच्या क्रमाने, असं ठरलं. तेच ‘इस्की’ हे मानक. १९९१ साली ते भारतीय मानक झालं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे. तुमच्या मोबाइलमधल्या मराठीच्या मुळाशी ते काम आहे.

आता गोंडीकडे या. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ साली. इथून जवळच, आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावाच्या नावाची गुंजाला गोंडी लिपी आली २०१८ साली. म्हणजे मराठीनंतर पाव शतकाहून जास्त काळाने. भाषा तयारच होती. यंत्रात तिची जागा कुणीतरी बसून करून द्यावी लागते.

म्हणून नवशिक्याने कर्नल लिहावा. तो विंडोजची जागा घेणार नाही, घ्यायचीही गरज नाही. पण कोणती गोष्ट कुणी करून ठेवली आहे, हे तेव्हाच कळतं. व्हीजीए कार्डात आपले आकार भरता येतात. चौकटीच्या वहीत आठ रुंद, सोळा उंच चौकट आखा, त्यात ‘न’ काढा, भरलेल्या घराला एक आणि रिकाम्याला शून्य लिहा. सोळा बाइट होतील. ते कर्नलला द्या. तुमच्या यंत्राचं पहिलं मराठी अक्षर तेच.