दरडीचा फोटो आणि एअरशिपचा फोटो

माझ्या लॅपटॉपवर ‘तळीये’ नावाचा फोल्डर आहे. पेपरातले, टीव्हीवरचे, कुणीकुणी मोबाइलवर काढलेले फोटो. बहुतेकांत तेच दिसतं : चिखल, सोललेला डोंगर, दुमडलेले पत्रे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. दरड येतानाचा फोटो मात्र माझ्याकडे एकही नाही. महाड पुरात होतं, रस्ते बंद. कॅमेरे पोचले ते नंतर.

इथे मला दोन एअरशिप आठवतात. (एअरशिप म्हणजे हायड्रोजनसारखा हलका वायू भरलेलं, लांबट आकाराचं अवाढव्य उडतं जहाज.)

६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टला जर्मनीचं ‘हिंडेनबर्ग’ उतरताना पेटलं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं जळून खाली. फोटोग्राफर आणि न्यूजरीलवाले तिथे आधीच हजर होते, अपघातासाठी नव्हे, नेहमीच्या लँडिंगसाठी! सॅम शीअरला कॅमेरा डोळ्याला लावायलाही वेळ मिळाला नाही, त्याने कमरेजवळूनच बटण दाबलं. तोच फोटो जगभर गेला. मृत्यू ३६.

आता दुसरं. ब्रिटनचं ‘आर १०१’ कराचीला निघालं होतं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे हे जहाज एका अर्थी आपल्याकडेच येत होतं. ५ ऑक्टोबर १९३० ला रात्री दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळलं. ५४ पैकी ४८ जण गेले. फोटो निघाले ते उजाडल्यावर, उरलेल्या सांगाड्याचे. मृत्यू जास्त असूनही एअरशिपचा अपघात म्हटलं की लोकांना हिंडेनबर्गच आठवतं. का, तर तिथे कॅमेरा होता.

आपण विज्ञानवाले याला सॅम्पलिंग बायस म्हणतो आणि प्रयोगशाळेबाहेर पडलो की विसरतो. मीही विसरले होते. पहिल्या मसुद्यात एका फोटोखालची २३ तारीख मी सरळ दरडीची तारीख म्हणून लिहिली. गाइडनी समासात एकच शब्द लिहिला : ‘कधी?’ तेव्हापासून माझ्या एक्सेल शीटमध्ये घटना कधी, फोटो कधी, छापला कधी आणि काढणारा कुठे उभा होता, असे वेगवेगळे रकाने आहेत. तुम्हीही पहिल्या दिवसापासून करा, नंतर भरताना जीव जातो.

शिवाय नंतरच्या फोटोवरून दरडीआधी उतार कसा होता ते कळत नाही. उपग्रहाची साधी चित्रं जुलैत ढगांनी भरलेली असतात. म्हणून आता मी जुने फोटो शोधतेय, लग्नाचे, पालखीचे, ज्यांत माणसांच्या मागे डोंगर आलाय. वाडीतले अल्बम घरांबरोबरच गाडले गेले असणार. मुंबईच्या नातेवाइकांकडे काही असतील. पण ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांना फोन करून ‘लग्नाचा अल्बम दाखवाल का?’ हे कसं विचारायचं, यावर गेला आठवडाभर मी अडून बसलेय.