सहा बारांनंतर

चित्रपटांतला शिपाई कमरेचें रिव्हॉल्व्हर उपसतो आणि हवे तितके बार काढतो. तें पुन्हां भरण्याची गरज त्याला भासत नाहीं. सत्तावन्नचा इतिहास वाचतांना माझे कांहीं विद्यार्थी हेंच चित्र मनांत धरून बसतात, आणि गोऱ्यांच्या हातीं असलीं हत्यारें होतीं म्हणून उठाव मोडला, असा निर्णय देऊन मोकळे होतात. हा निर्णय तपासावयाचा तर आधीं त्या हत्याराचीच ओळख करून घेतली पाहिजे.

१८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत अमेरिकन कोल्ट आणि इंग्रज ॲडम्स या दोघांचींही रिव्हॉल्व्हरें मांडलीं होतीं. कोल्टच्या फिरत्या चक्रांत सहा घरें असत, ॲडम्सच्यांत पांच. कोल्ट भरतांना प्रत्येक घरांत पुढून दारू घालावयाची, तीवर घराहून किंचित् मोठी शिशाची गोळी ठेवावयाची, नळीखालच्या दांड्यानें ती ठासावयाची आणि चक्र पुढें फिरवावयाचें. गोळ्यांवर चरबीचा लेप असलेला बरा; एका घराची ठिणगी दुसऱ्यांत शिरून भलताच बार उडण्याची भीति असे. शेवटीं मागच्या पोकळ खुंट्यांवर तांब्याच्या इवल्याशा टोप्या बसवावयाच्या. कागदी काडतुसांनीं दारू मोजण्याचा त्रास वांचे, टोप्यांचा वांचत नसे. निवांतपणें हें कांहीं मिनिटांचें काम. पण उधळत्या घोड्यावर, समोर तलवार उगारलेली असतां तें कोण करणार? म्हणून जाणता अधिकारी दुसरें भरलेलें पिस्तूल जवळ बाळगी, नाहींतर बार संपतांच तलवारीला हात घाली. धातूचें काडतूस सैन्यांत रुळल्यावरच ही अडचण दूर झाली.

आतां कोल्हापुराकडे वळूं. ३१ जुलै १८५७ च्या रात्रीं, ऐन पावसाळ्यांत, येथील सत्ताविसाव्या पलटणीनें उठाव केला. त्या रात्रीं गोऱ्या कुटुंबांना निसटतां आलें, तें पलटणींतल्याच एका यहुदी हुद्देदारानें आगाऊ सूचना दिल्यामुळें. तरीही पळतांना तिघे तरुण अधिकारी मारले गेले. ६ डिसेंबरला उठाववाल्यांनीं शहराचे दरवाजे लावून घेतले, तेव्हां कर्नल जेकबनें दरवाजा उडवून, फौज आंत घालून शहर घेतलें. पुढें चिमासाहेबांना कराचीस पाठविण्यांत आलें. तेथेंच १८६९ मध्यें त्यांचा अंत झाला.

या दोन्ही प्रसंगांचा निकाल रिव्हॉल्व्हरनें लागला नाहीं. पहिल्यांत वेळेवर मिळालेली बातमी कामीं आली, दुसऱ्यांत शिस्तीची फौज. जुलैंत पलटण उठली तेव्हां शहर उठलें नाहीं. डिसेंबरांत शहर उठलें तेव्हां ती पलटण केव्हांच निःशस्त्र झालेली होती. सहा बारांचें हत्यार एका माणसाला फार तर क्षणभर तारी. राज्य तारण्याची शक्ति त्यांत नव्हती. पराभवाचा दोष यंत्रावर टाकला कीं आपल्या फुटीचा हिशेब द्यावा लागत नाहीं. तो हिशेब मांडणें हेंच इतिहासाच्या अभ्यासाचें काम आहे.