रग्बीची स्कॉलरशिप मिळाली, म्हणजे फी माफ झाली का?

इंग्लंडमधल्या अनेक खासगी शाळा चांगलं रग्बी खेळणाऱ्या मुलांना स्कॉलरशिप देतात. हे ऐकलं की वाटतं, शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. बहुतेक वेळा तसं नसतं.

तिथे स्कॉलरशिप आणि बर्सरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॉलरशिप गुणवत्तेवर मिळते, पालक श्रीमंत असले तरी. पण तिच्यामुळे फीत मिळणारी सूट अनेक शाळांत थोडीच असते. काही ठिकाणी तर फक्त मान आणि खास प्रशिक्षण मिळतं. बर्सरी मात्र पालकांचं उत्पन्न आणि मालमत्ता तपासून देतात आणि ती पूर्ण फीइतकीही असू शकते. हॅरोसारख्या निवासी शाळेची वर्षाची फी व्हॅट धरून 60 हजार पौंडांच्या पुढे जाते, म्हणजे 60 लाख रुपयांहून जास्त. हा 20 टक्के व्हॅट जानेवारी 2025 पासून लागू झाला. एवढ्या फीत दहा टक्के सूट मिळूनही सामान्य घराचं भागत नाही. तिथे बर्सरीच कामाला येते.

प्रवेश साधारण 13 किंवा 16 व्या वर्षी होतो. इंग्लंडचा खेळाडू मारो इटोजे आधी हार्पेंडनच्या सेंट जॉर्जेस या सरकारी शाळेत होता. शाळेची शेवटची दोन वर्षं तो स्कॉलरशिपवर हॅरोत शिकला. 2025 मध्ये तो इंग्लंडचा आणि मग ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा कर्णधार झाला.

अशा शाळांत मोठी मैदानं, जिम, फिजिओ आणि अनेकदा व्यावसायिक रग्बी खेळलेले प्रशिक्षक असतात. क्लबांच्या अकादमींचं त्यांच्या सामन्यांवर लक्ष असतं. (खेळाला नाव देणारी रग्बी स्कूलही खासगीच.) ब्रिटनमध्ये जेमतेम सात टक्के मुलं खासगी शाळेत शिकतात, पण सटन ट्रस्टच्या 2019 च्या अहवालानुसार पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय रग्बीत त्यांचं प्रमाण 37 टक्के होतं.

मुलाला संधी मिळते, पण त्याची जुनी शाळा आपला सर्वांत चांगला खेळाडू गमावते. न्यूझीलंडमध्ये हा वाद पार टोकाला गेला. सेंट केंटिगर्न ही खासगी शाळा इतर शाळांचे तयार खेळाडू स्कॉलरशिप देऊन नेते, असा आक्षेप घेत ऑकलंडमधल्या दहा शाळांनी 2018 च्या अखेरीस तिच्या मुख्य संघाशी खेळणार नाही असं कळवलं.

दुखापतीचा प्रश्न मात्र पालकांच्या लक्षात उशिरा येतो. अनेक शाळा स्कॉलरशिपचा दरवर्षी आढावा घेतात. गुडघा दुखावून मूल वर्षभर मैदानाबाहेर राहिलं तर सवलत चालू राहील का, हे प्रत्येक शाळेच्या अटींवर ठरतं. त्यामुळे होकार देण्याआधी हे उत्तर शाळेकडून लेखी घेतलेलं बरं.